छबुबाईचं जंबो विमान

तालुक्याच्या दूध संघावर छबुबाईला संचालक म्हणून घेतलं ते ती रडली म्हणून. यात तिखटमीठ अजिबात लावलेलं नाही. एरवी संघावर जायचं म्हणजे माणसाला भावकी लागते, पाठीशी चार गावं लागतात, गेला बाजार दारात एखादी जीप तरी लागते. छबुबाईकडे दोन गाई, एक म्हैस आणि शहादेव नावाचा नवरा एवढाच ऐवज होता. पण ती मुंबईला जाऊन रडली, आणि नेमकी फोटोवाल्यासमोर रडली.

त्याचं असं झालं, की संघाचे चेअरमन विठ्ठलराव पहिल्यांदा परदेशी निघाले. हॉलंडच्या गाई बघायला. त्या बघून बीड जिल्ह्यातल्या गाई जास्त दूध कशा देणार, असं कुणी विचारलं नाही. असलं विचारणारी माणसं संघावर फार दिवस टिकत नसत. उलट गावोगाव निरोप गेला, की साहेबांना वाटे लावायला मुंबईला चला. तेव्हा रीतच होती तशी. पुढारी परदेशी निघाला की त्याच्यामागं विमानतळापर्यंत ट्रक भरून माणसं गेली पाहिजेत. माणसं कमी पडली तर तो परदेशी गेला असं कुणी धरतच नसे. ओवाळायला बायाही लागत. छबुबाईच्या गावच्या, बोरखेडच्या डेअरीवर दुधाची मापं घेणाऱ्या पंडितनं छबुबाईला ट्रकात बसवलं, कारण गावात पोचा न पडलेलं पितळी ताट तेवढं तिच्याकडे होतं.

विमानतळावर पोलिसांनी कुणाला धड उभं राहू दिलं नाही. ओवाळणं उरकावं लागलं, उधळलेला निम्मा गुलाल एका गोऱ्या बाईच्या डोक्यात गेला, आणि साहेब गळ्यात हारांचा ढीग घेऊन काचेच्या दारात दिसेनासे झाले. पण एवढ्या लांब येऊन साहेबांना उडताना बघायचं नाही म्हणजे काय? मंडळी हट्टाला पेटली. ड्रायव्हर उत्तरेश्वरला मुंबईची माहिती होती. त्यानं ट्रक कुर्ल्याच्या बाजूला नेला आणि विमानतळाच्या भिंतीला खेटून उभा केला. विमानं तिथूनच पळायला सुरुवात करत. पुरुषमंडळी हौद्यात उभी राहिली. छबुबाई मात्र सरळ टपावर चढली. ऊसतोडीला जाता-येता ट्रकच्या टपावर बसून तिनं निम्मा महाराष्ट्र पाहिला होता, तिला कोण अडवणार?

आधी दोन-तीन बारकी विमानं गेली. ती भुर्रकन उडाली, छबुबाईला त्यांचं काही वाटलं नाही. आणि मग ते आलं. पुढच्या बाजूला डोक्यावर आणखी एक मजला, पंखांखाली दोन्हीकडं दोन-दोन इंजिनं, आणि पंख असे लांबलचक की आपल्याच वजनानं खाली ओघळलेले. ते सावकाश वळलं, ट्रककडे पाठ करून उभं राहिलं आणि गप्पच झालं. छबुबाईला वाटलं, बिघडलं बहुतेक.

तेवढ्यात आवाज सुरू झाला. तो आधी कानात आलाच नाही, पायात आला. टपाचा पत्रा थरथरायला लागला, ताटातली सुपारी नाचायला लागली, मग तो आवाज पोटात शिरला आणि छातीत येऊन बसला. रॉकेलचा वास असलेला गरम वारा भिंतीवरून आला आणि कितीतरी टोप्या तालुका सोडून कायमच्या कुर्ल्याला गेल्या. विमान हललं. पण कसं? पायी चालणारा माणूस गाठेल अशा चालीनं. एवढं धूड, एवढा आवाज, आणि चाल ही! छबुबाईनं ओल्या फडातून भरलेली उसाची गाडी निघताना जन्मभर पाहिली होती. बैल गुडघ्यावर येतात, जू करकरतं, आणि चाक हलेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखलेला असतो. तिचा श्वास तसाच अडकला. तिनं टपावर थापा मारायला सुरुवात केली. "चल रं माज्या राज्या! चल! सोडू नगंस!"

ते धावायला लागलं. लांब गेलं, अजून जमिनीवरच. आणखी लांब गेलं. आता काही हे उठत नाही, असं वाटेपर्यंत गेलं. मग नाक वर झालं, पोट अजून खालीच, आणि एका क्षणी चाकांखाली उजेड दिसला. ते सुटलं! छबुबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं जड काहीतरी उठू शकतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

हौद्यातली मंडळी "विठ्ठलराव साहेबांचा विजय असो" म्हणून बोंबलत होती. साहेबांचं विमान खरं म्हणजे त्याच्या मागून तासाभरानं सुटलं. तोवर ट्रक मुंबईच्या बाहेर पडला होता. पण बीडच्या एका साप्ताहिकाचा फोटोवाला सोबत होता. पुढच्या अंकात टपावर बसून रडणारी छबुबाई पाव पानावर छापून आली, खाली ओळ होती: 'साहेबांच्या प्रस्थानाने गहिवरलेल्या भगिनी.'

विठ्ठलराव हॉलंडहून आले, त्यांनी तो अंक पाहिला आणि ते स्वतःच गहिवरले. आपल्यासाठी घरच्या माणसांच्या डोळ्यांतही कधी पाणी आलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फोटो मोठा करून ऑफिसात लावला, आणि पुढच्या निवडणुकीत महिलांच्या जागेवर छबुबाईला बिनविरोध आणलं.

घरी मात्र आग लागली. पारावर बसलं की शहादेवला कुणीतरी हमखास डिवचायचं, "काय बे शहादेव, तू मुकादमासंग सहा महिने कारखान्यावर गेलतास, तवा रडली व्हती का तुजी बायको?" शहादेव घरी येऊन भाकरीवर राग काढायचा. छबुबाई सांगायची, "आवो, मी साहेबासाटी न्हाई, विमानासाटी रडले."

"विमानासाटी कोन रडतंय? मला येडा समजतीस का?"

कुणालाच पटत नव्हतं. शेवटी तिनं सांगायचं सोडून दिलं. कारण तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बोरखेडच्या बाईला विमान बघायला मुंबईला कोण जाऊ देणार? साहेब परदेशी गेले तरच ट्रक निघणार, आणि ट्रक निघाला तरच जंबो दिसणार. मग लोकांना समजायचं ते समजू दे. पुढच्या काही वर्षांत साहेब डेन्मार्कला गेले, न्यूझीलंडला गेले, आणि दर वेळी छबुबाई टपावर बसून मनमुराद रडून आली. बैठकीत ती एरवी तोंड उघडत नसे, पण साहेबांच्या दौऱ्याचा विषय निघाला की सगळ्यात आधी तिचा हात वर. एकदा साहेब दोन इंजिनांच्या विमानानं जाणार असं कळल्यावर ती सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, चार विंजनाच्या विमानानं जावा. दोनावर जाऊ नगा."

साहेबांना वाटलं, आपल्या जिवाची एवढी काळजी! त्यांनी तिकीट बदललं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन हजार तीनचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, दूध आटलं, डेअरीवर रिकामी भांडी वाजायला लागली. संघानं माळावर गुरांची छावणी काढली. छबुबाई आणि शहादेव दोन गाई आणि म्हैस घेऊन तिथंच राहायला गेले. सकाळी उठून पहिलं काम गुरं उठवायचं. जनावर बसलं की आपल्या बळावर उठत नसे. कुणी शेपटीला धरायचं, कुणी शिंगाला, दोघांनी पोटाखाली खांदा द्यायचा.

अशात विठ्ठलरावांनी विषय काढला इस्रायलचा. तिथं वाळवंटात गाई पाळतात, ते शिकून आलं पाहिजे. विरोधातली मंडळी म्हणाली, तिजोरीत आहे त्यात एक तर दौरा होईल, नाहीतर पाऊस पडेपर्यंत छावणी चालेल. साहेब म्हणाले, छावणी महिनाभरात बंद करू, पुढचं सरकार बघेल. संचालकांमध्ये बरोबर निम्मे इकडं, निम्मे तिकडं झाले, आणि सगळी मदार छबुबाईवर येऊन पडली. अर्थात साहेबांना तिची काळजी नव्हतीच. तरीही बैठकीच्या दिवशी सकाळी त्यांची जीप छावणीत आली.

"छबुबाई, या वेळी तुमीबी आमच्यासंग चला. महिला प्रतिनिधी म्हनून. विमानात बसा."

छबुबाईनं हात पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "साहेब, आत बसल्यावर ते उटताना दिसतं का?"

"खिडकीतून खालचं सगळं दिसतं की. घरं, रस्ते."

"खालचं काय करायचंय? खालचं तर मी रोजच बघते."

साहेबांना वाटलं, बाई विनोद करते आहे. ते हसत निघून गेले. छबुबाई मात्र गाईपाशी येऊन बसली. तिची थोरली गाय त्या दिवशी चौघांनी खांदा लावूनही उठली नव्हती. ती गाईची मान चोळत होती आणि डोक्यात जंबो होतं, हे खोटं कशाला सांगायचं? दोन वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती. पाण्याच्या टँकरचा आवाज आला तरी तिला क्षणभर तेच वाटायचं. या वर्षात बघण्यासारखं दुसरं होतं काय? हात वर केला की पंधरा दिवसांत भिंतीपाशी. नाही केला तर साहेब पुन्हा कधी ट्रकात घेणार नाहीत. तिला रडू आलं, आणि हे रडू मात्र कुणासमोर नव्हतं.

बैठकीत विठ्ठलरावांनी आपल्या बाजूचे हात मोजले आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "आन एक छबुबाईंचा. ठराव मंजूर."

"थांबा," छबुबाई म्हणाली.

संघाच्या बैठकीत तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. चहा घेऊन आलेला पोरगाही दारातच थबकला.

"मी छावनीच्या बाजूनं हाय."

विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. राग यायच्या आधी त्यांना खरोखर वाईट वाटलं. "छबुबाई, तुमी? आमी निघालो की तुमच्या डोळ्याचं पानी खळत न्हाई, आन तुमीच?"

छबुबाईनं पदर सावरला. आता लपवण्यात काय राहिलं होतं? "साहेब, मी तुमच्यासाटी कवाच रडले न्हाई. मी रडते ते विमानासाटी. लई भारी असतंय वो ते, उटताना. तुमी आतच बसता, तुमाला कसं ठावं असनार?"

आधी कुणी हसलं नाही. मग विरोधातले हसले, मग साहेबांच्या बाजूचेही तोंडाला रुमाल लावून हसले. छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. थोरली गाय तिसऱ्या दिवशी उठली आणि पहिली लाथ तिनं शहादेवला मारली. पुढच्या निवडणुकीत छबुबाईची जागा वत्सलाबाईला मिळाली. तिला मुळातच रडू लवकर यायचं.

बैठकीतली ही हकीकत त्याच दिवशी संध्याकाळी छावणीत पोचली होती. शहादेव बायकोपाशी येऊन बसला.

"म्हंजी खरंच विमानासाटी?"

"कवाधरनं सांगतेय."

दिवाळीनंतर, गुरं सावरल्यावर, एका सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला. "चल. मुंबईला जाऊ."

"कावून?"

"इतकी वर्सं लोकांची बोलनी खाल्ली, ती कशापायी ते मला बगायचंय."

एसटीनं दोघं कुर्ल्याला उतरली. या वेळी हार नव्हता, ताट नव्हतं, घोषणा द्यायला कुणी नव्हतं. भिंतीजवळचा चहावाला म्हणाला, "कुणाला सोडायला आलात?" छबुबाई पहिल्यांदाच मोकळेपणानं म्हणाली, "कुनाला न्हाई. विमान बगायला."

बराच वेळ बारकीच विमानं गेली. शहादेव घड्याळाकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघत होता. परतीची बीडची गाडी सापडायची तर आता निघायला हवं होतं. मग वळणावरून जंबो आलं, पाठ करून उभं राहिलं, आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. शहादेवनं पटकन छबुबाईचा दंड धरला. ते हललं, धावलं, लांब गेलं, उठेना, उठेना, आणि उठलं. आवाज विरून गेला तरी त्यानं दंड सोडला नव्हता.

छबुबाईनं डोळे पुसले. "चला. गाडी चुकंल."

"चुकू दे," शहादेव म्हणाला. "दुसरं कवा हाय?"