मावशीचं गाणं केळव्यात वाजलं

बोईसरच्या कारखान्यात माझी एक मैत्रीण आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. ती विदर्भातून आलेली, मी इथलीच. जेवणाच्या सुट्टीत इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. पश्चिम आफ्रिकेतलं एकवीस तारांचं वाद्य तिनं ऐकवलं. जॉर्जियातल्या शेतकऱ्यांचं, तीन वेगळ्या सुरांत एकदम उठणारं गाणं मी शोधलं. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवरची तुर्की गायिका ऐकताना तर डबे उघडायचेच राहून गेले.

"तुमच्याकडे असं काही नाही का गं?" एकदा तिनं विचारलं.

होतं. जवळच्याच दांडी गावात, किनाऱ्यावर, माझी मावशी सुकी मासळी विकते. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, धाकट्या मुलाची होडी वादळातून परतली नाही तेव्हा रचलेलं एक गाणं तिच्यापाशी होतं. घरातल्या बायकांखेरीज ते कुणी ऐकलेलं नव्हतं. मैत्रिणीला घेऊन मी दांडीला गेले, हट्ट धरला, म्हणून ओसरीवर बसून, डोळे मिटून ती गायली. मैत्रिणीचा फोन चटईवर रेकॉर्डिंगला चालू होता.

"ह्ये बायेर नेऊ नको हां," मावशी म्हणाली.

"नाही मावशी, फक्त आम्ही दोघी ऐकणार," मैत्रीण म्हणाली. निघताना मावशीनं तिला सुका जवळा बांधून दिला.

पुढं मैत्रीण नोकरी बदलून पुण्याला गेली. त्यानंतर एकदा आमच्या कारखान्याची सहल केळव्याला गेली. समुद्राकाठच्या हॉटेलात मोठा स्पीकर लावलेला, मंडळी नाचत होती, आणि ढोलाच्या ठेक्याखालून मावशीचा आवाज आला. आजीच्या धाकट्या मुलाचं, बुडालेल्या मामाचं नाव आलं, त्यावर सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. स्पीकरला जोडलेल्या फोनवर पाहिलं, तर ते गाणं मैत्रिणीच्या नावावर होतं.

मी तिथूनच तिला फोन लावला.

"अगं, मी तर ते लोकांपर्यंत पोचवलं," ती म्हणाली. "चांगलं संगीत दडवून ठेवू नये, हे तुझंच वाक्य."

वाक्य माझंच होतं.

खूप भांडल्यावर तिनं गाणं काढलं, पण तोवर ते दहा ठिकाणी पसरलं होतं. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच मावशीला सांगावं म्हणून दांडीला गेले. ती बोंबील निवडत होती. मी मैत्रिणीला खूप दोष दिला, रडले.

मावशीनं मान वर केली नाही. "तिला आमी कुठं वळखतो? तुला वळखत होतो."

त्यानंतर ती मला कधी टाकून बोलली नाही. मी गेले की जेवायला वाढते. पण गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या मुलीची हळद होती. अंगणातून बायकांचं गाणं ऐकू येत होतं, त्यात मावशीचा आवाज सगळ्यांत वर. मी आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. बाकीच्या गात राहिल्या.

"आलीस?" मावशी उठत म्हणाली. "बस. चा आनते."