ठिबकणारी नळी

कार्डिफच्या हॉस्पिटलात मी सर्जन होतो, पण गॅरेजमधली एक नळी मला जोडता येत नव्हती. मी घरी बिअर करायचो. ती आंबताना तापू नये म्हणून पिंपाभोवती थंड पाण्याची नळी गुंडाळली होती, आणि ती जोडावर गळायची.

जोड आवळायच्या क्लिपा आणायला गेलो की दुकानात एक वेल्श म्हातारा हमखास भेटायचा. प्रत्येक क्लिप कानाशी नेऊन टिचकी मारायचा.

"तुमचीही गळते?" मी एकदा विचारलं.

"कित्येक वर्षं," तो म्हणाला. "थांबली तर शेडमधून घरात जावं लागेल."

काय आळशी माणूस, असं मला वाटलं.

रविवारी माझी गळती चक्क थांबली. घरात, आमच्या लाउंजमध्ये, गणपतीच्या नाटकावरून मराठी मंडळाचं भांडण पेटलं होतं, आणि अध्यक्ष मीच.

"अहो, झालं का? सगळे थांबलेत!" बायकोने हाक मारली.

मी क्लिप हळूच सैल केली.

"नाही गं, अजून गळतंय!"