शेवटच्या भागातलं रडू

मालिकांच्या शेवटच्या भागांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सनई कुठं वाजणार, नायिकेचा चेहरा किती वेळ दाखवणार, सगळं आपल्या डोळ्यातून पाणी काढायला बेतलेलं. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, याबाबतीत माझ्याही पुढं होत्या. मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना राणीसावरगावहून परभणीला आणलं होतं. एका मालिकेचा सीझन संपताना त्यातल्या घरातला कर्ता मुलगा गेला. टीव्ही बघायला आलेल्या शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले आणि मामी शेंगा फोडत म्हणाल्या, "त्याला काय होत न्हाई. पुढच्या खेपेला उठून बसतंय." तो उठून बसलाही.

म्हणून दुसऱ्या एका मालिकेच्या सीझनच्या शेवटी त्या रडल्या तेव्हा मी चमकले. त्या भागात काही घडलंच नव्हतं. मालिकेतली म्हातारी सकाळी अंथरुणाची घडी घालते, एसटीत बसते आणि कंडक्टरनं विचारल्यावर आपल्या गावाचं नाव सांगते. मागं संगीतसुद्धा नव्हतं. मामींनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं, खांदे हलत होते.

"काय झालं, मामी?"

"कुठं काय. फोडणीचा ठसका बसला."

गॅस तर कधीचा बंद होता.

पुढचे काही दिवस माझं सगळं लक्ष त्यांच्यावर. सून नीट वागवत नाही हे शेजारणींना दिसावं म्हणून तर त्या रडल्या नसतील? की माझ्या नवऱ्यानंच त्यांना काही ऐकवलं असेल? त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी काय बोलणार? तूच बोलली असशील काहीतरी." मग आम्हीच एकमेकांशी तुटक वागू लागलो. एका दुपारी खोली झाडताना मामींच्या पलंगाखाली भरलेली पिशवी दिसली. लुगडी, औषधं, चष्म्याचं घर. मी ती ओढून त्यांच्यासमोर ठेवली.

"कुठं निघालात? आमचं काय चुकलं?"

त्यांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"चुकलं असतं तर कवाच गेले असते. भांडून जाता आलं असतं. तुमी चांगलं वागायलात, म्हणून जीभ उचलंना."

"मग त्या दिवशी रडलात ते?"

"त्या बाईनं गावाचं नाव किती सहज सांगितलं. मला तुमच्यापुढं तेवढंबी येईना."

रविवारी आम्ही दोघं त्यांना राणीसावरगावला सोडायला गेलो. त्यांच्या जाऊबाईंनी घर झाडून, सारवून, माठ भरून ठेवला होता. म्हणजे दोघींचं फोनवर कधीचंच ठरलं होतं.

मुलगा मेला त्या भागात मामींचं स्वतःचं काही नव्हतं, या भागात होतं. कारण एवढंच असावं. तरी माझी खात्री पटत नाही. घरोघरी अशी एक बाई टीव्हीसमोर बसलेली असते, हे मालिका लिहिणाऱ्याला ठाऊक असणारच. तिथं संगीत थांबवलं तेही त्यानं मुद्दामच केलं असेल.

त्या मालिकेचा पुढचा सीझन संपला तेव्हा मी मामींना फोन केला.

"शेवट बघितला का?"

"कशाचा शेवट. इथं लाईटच न्हाई."

मागून टीव्हीचा आवाज येत होता.