बसलेल्यांची जमीन

सोनकांबळे मॅडमची आणि माझी पहिली भेट अहमदपूरच्या एसटी स्टँडवर झाली. मी नांदेडला निघालो होतो, कशासाठी ते आता आठवत नाही. मोटारसायकल चालवता येते का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, आणि नांदेड राहिलं ते राहिलंच.

मॅडमनी पन्नाशीनंतर डॉक्टरेट मिळवली आणि लगेच त्यापुढचं संशोधन हाती घेतलं. गायरानाचं शेत कसं झालं, शेताचे प्लॉट कसे पडले, त्यात माणसांचं, गुराढोरांचं काय झालं, हा त्यांचा विषय. उपग्रहाचं चित्र काहीही दाखवो, गावातलं माणूस त्या जागेवर उभं करून ‘इथं आधी काय होतं?’ असं विचारल्याशिवाय त्या नकाशात रंग भरत नसत.

दुष्काळाचा उन्हाळा होता. नवा जिल्हा होणार म्हणून जमिनींना भाव चढला होता. जळकोटकडच्या एका गावाबाहेर एजंटनं चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. चित्रात ती जमीन पडीक. भर दुपारी आम्ही तिथं उतरलो. काळ्या रानाला भेगा पडतातच, पण वाकड्यातिकड्या. इथल्या भेगा गोल होत्या. एकाशेजारी एक, ओळीनं, आतली माती जराशी खचलेली. वारा नव्हता, तरी मानेमागं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत होतं. मॅडमनी चपला काढल्या.

गावातल्या गुरुबाई आल्या, सत्तरीपुढच्या लिंगायत आजी.

“जपून चाल माय. आमची माणसं बसलेत हितं.”

त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात. आमच्यामागं आलेला एजंट हसला. पडीक लिहून मोकळ्या व्हा ताई, म्हणाला, बसलेले काय उठून येत नाहीत.

“आलेत की,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “बघा ना खाली.”

तो स्वतःच एका गोलात उभा होता. पाय उचलून कुठं टाकावा, त्याला कळेना.

नकाशात एकदा पडीक लागलं की प्लॉट पडणार, हे गुरुबाईंना ठाऊक होतं. जागा अजून वापरात आहे का, मॅडमनी विचारलं. गुरुबाईंनी नवऱ्याच्या गोलाशेजारची सपाट माती दाखवली.

“ही माझी.”

मॅडमनी ‘दफनभूमी, वापरात’ अशी नोंद केली. मग गावकऱ्यांना घेऊन तहसीलला हेलपाटे घातले, ते चुन्याच्या रेघा मोडेपर्यंत. पुढं पाऊस झाला, भेगा मिटल्या. आता तिथं काहीच दिसत नाही. तरी लोक वळसा घालून जातात. मीही जातो.

मॅडमच्या साठीचं सांगायला परवा गुरुबाईंकडं गेलो. मॅडम बौद्ध आहेत, त्यांच्यात जाळतात, हे गुरुबाईंना माहीत आहे.

“तरी सांग तिला,” त्या म्हणाल्या. “माझ्या शेजारी जागा धरलीय.”

निरोप ऐकून मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले.

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि शेजारीशेजारी धरलेल्या त्या दोन्ही जागांवर पुढची कित्येक वर्षं नुसतं गवत उगवो.