अख्खा बटाटा

माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा दूधभात, बिस्किटं आणि चपातीचा वरचा पापुद्रा एवढंच खात होती. पापुद्र्यावर काळा डाग असला की ताट बाजूला. सांगलीतल्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून सांगितलं, की गेल्या वेळेपासून वजन हललेलं नाही. पुढच्या वेळीही असंच असलं तर रक्त तपासू, गरज पडली तर दाखल करू. ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर मात्र तिचं मनगट माझ्या दोन बोटांत धरून बघितलं.

त्यानंतर मी तिला चोरून खायला घालायला लागले. पराठ्यात किसलेलं गाजर, डोशाच्या पिठात वाटलेला दुधी. तिला सगळं कळायचं. पहिल्या घासाआधी ती पराठ्याचा तुकडा उलगडून खिडकीच्या उजेडात धरायची. नारिंगी ठिपका दिसला की तोंड बंद. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी बारीक किसायची.

नागपंचमीला आम्ही शिराळ्याजवळ माझ्या सासरी गेलो. तिथली माणसं मला आवडतात, पण पंगत बसली की सगळ्यांचं लक्ष आमच्या ताटाकडे असतं. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. तिथल्या लंगरात जेवायला मिळेल ते कसं निमूट खावं लागायचं, हे ते नातीला दर वेळी सांगतात आणि बघतात माझ्याकडे. चुलतसासूबाई म्हणतात, आईच चिमणीएवढं खाते तर लेक काय खाणार. मी हसते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. उत्तर सुचतं ते आधी इंग्रजीत, आणि त्याचं मराठी होईपर्यंत विषय बदललेला असतो.

सणाच्या सकाळी बाकीच्या बायका पूजेच्या तयारीत होत्या. मी गुपचूप गाजरं धुऊन किसायला बसले. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली किसणी काढून घेतली. रागावल्या नाहीत.

“आगं, आज चिरायचं न्हाई, किसायचं न्हाई. तवासुदीक चुलीवर ठेवत न्हाई आपण.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. साताऱ्याला माझ्या माहेरीही त्या दिवशी विळी आणि सुरी उचलून ठेवतात. पण किसणी त्यातच येते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी हळू आवाजात म्हणाले, की मग ही उपाशी राहील. त्यांनी ऐकून घेतलं, किसणी फळीवर उपडी ठेवली आणि चुलीकडे गेल्या.

दुपारी पानात पुरणाची वाफवलेली दिंडं होती, उकडलेली मक्याची कणसं, न मोडलेल्या घेवड्याच्या शेंगा आणि सालासकट उकडलेले छोटे बटाटे. मुलगी आजीशेजारी बसली. दूधभाताची वाटी मी माझ्या मागे तयार ठेवली होती.

तिने एक बटाटा उचलला. फिरवून बघितला. नखाने साल सोललं, बटाटा मधोमध फोडला आणि दोन्ही अर्धे डोळ्यांजवळ नेले.

“आजी, आत काय घातलंय?”

“बटाट्यात बटाटाच आसतोय की, बाय. दुसरं काय घालायचं त्यात?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने अर्धा बटाटा तोंडात घातला. मग उरलेला अर्धा. मग घेवड्याची शेंग उघडून आतले दाणे एकेक करून खाल्ले. सासरे काहीतरी बोलायला तोंड उघडत होते.

“आवं, तुमी जेवा तुमचं,” सासूबाई म्हणाल्या. “पोरीकडं बघू नगासा.”

सासऱ्यांनी मान खाली घातली, मग सगळ्यांनीच. मीही. मला नुसता कणीस कुरतडल्याचा आवाज येत होता. त्या घरात माझ्या पानातलं जेवण गरम असताना पोटात गेलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सांगलीला आल्यावर मी किसणी मागच्या कप्प्यात टाकली. आता गाजर अख्खं उकडते. टोकाकडून ती खाते, जाड भाग ठेवते. वांगं अजून चालत नाही. वरण भातावर ओतलेलं चालत नाही, वेगळ्या वाटीत चालतं. कधीकधी नुसत्या दूधभातावरच दिवस जातो. तेव्हा वाटी ठेवून मी पाठ फिरवते आणि ओट्यावर काहीतरी पुसत राहते.

पुढच्या वेळी वजनकाटा हलला. फार नाही, पण हलला. डॉक्टरांनी विचारलं, काय नवीन सुरू केलंत? मी म्हणाले, काही नाही, भाज्या चिरत नाही. त्यांना ती गंमत वाटली असावी. समजावून सांगायला मला जमलं नसतं आणि तोवर त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलंही होतं. रक्ताचा विषय निघालाच नाही.

जिना उतरून आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकापाशी कणसाचा गाडा होता. मुलीने बोट दाखवलं. गाडेवाल्याने कणीस भाजून लिंबाची फोड तिखटमिठात बुडवली, आणि आम्ही दोघी एकदम “नको” म्हणालो. माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.