कुंकवाचा चेक

इंदिराबाईला माणसांची भीती नव्हती, मग कागदाची काय असणार! नवरा गेल्यावर नऊ वर्षं शिरपूरजवळची चार एकर जमीन तिने एकटीने कसली. फक्त माल विकून पैसे आणायचं काम दीर रुपचंदकडे. तो धुळ्याच्या आडत्याकडून रोकड आणायचा आणि घरी येईपर्यंत ती निम्मी व्हायची. वाटेत कुठे गळायची, देवाला ठाऊक!

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत आडत्या पितांबरशेठने शेंगांचे पैसे चेकने द्यायला सुरुवात केली. सगळ्यांना बँकेत खाती काढायला लावली. सातबारा इंदिराबाईचा, म्हणून चेकवर नावही तिचंच. लेक ताईबाई धुळ्याला नर्सिंग शिकत होती. तिने नाव वाचून दाखवलं तेव्हा इंदिराबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

लक्ष्मीपूजनाला तिने तो चेक पाटावर ठेवला आणि ओल्या कुंकवाने त्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. विधवेने कुंकवात बोट बुडवू नये, असं जाऊ पुटपुटली. इंदिराबाईने तिकडे कानाडोळा केला. लक्ष्मी आली तर तिची पूजा नको का करायला?

सुट्टी संपल्यावर बँकेतल्या कारकुनाने चेक बघितला आणि कपाळाला हात लावला. अक्षरी रक्कम कुंकवात बुडाली होती. हा वटणार नाही, दुसरा आणा, म्हणाला. रुपचंद बरोबर होताच. बाईमाणसाने कशात पडावं याला काही धरबंद असतो, वगैरे त्याने बाजारापर्यंत ऐकवलं.

पितांबरशेठ हसला, पण माणूस भला. रद्द चेक ठेवून घेत त्याने गल्ला उघडला. नवा चेक वटायला चार दिवस लागतील, त्यापेक्षा आत्ताच रोख घेऊन जा, म्हणाला. रुपचंदने पिशवीचं तोंडही उघडलं.

ताईबाईच्या फीचा हप्ता भरायची मुदत पाचव्या दिवशी संपत होती. एक दिवस जरी हुकला तरी पोरीचं वर्ष बुडणार. पण रुपचंदच्या हाती गेलेली रोकड किती उरते हे इंदिराबाईइतकं कुणाला माहीत!

"माले रोख नको, शेठ," ती म्हणाली. "मना नावना चेकच द्या."

रुपचंद तणतणत बाहेर पडला. ते चार दिवस तिला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी सकाळीच मायलेकी बँकेच्या दारात उभ्या. रुपचंदही आलाच, पिशवीसकट.

पैसे जमा झाले होते. कारकुनाने कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट करून ताईबाईकडे दिला आणि उरलेले खात्यातच असू द्यायचे का, असं विचारलं. इंदिराबाईने मान डोलावली. सवयीने रुपचंद खिडकीशी पुढे झाला.

"तुमचं काय काम?" कारकुनाने विचारलं. "खातं बाईंचं आहे."