ट्रिल्लाराणीचा ळ

अमेरिकेत शॉमबर्गला येऊन वसुधाला बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या लेकीला, दीपाला, अजून ळ म्हणता येत नव्हता. कावळ्याचा कावला व्हायचा, फळाचं फल. तेही वसुधा हात धुऊन मागे लागली तरच. एरवी आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने इंग्रजीत उत्तर फेकायचं. दीपाने आपल्याशी एक धड वाक्य मराठीत बोलावं, एवढीच वसुधाची हाव होती. तिच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, हे खूळ वाटे. पण त्याला तिचं काय खूळ वाटत नसे? तिचं इंग्रजी, तिचं ड्रायव्हिंग, तिची आमटी. ‘तुला काय कळतंय? गप्प बस,’ हे त्याचं पालुपद. इंजिनिअर माणूस, मराठी मंडळात त्याचं फार नाव. असली माणसं बाहेर गोडच असतात.

दीपाचा जीव बाहुल्यांच्या एका मालिकेत अडकला होता. दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी अंतराळवीरांची ही मालिका साठच्या दशकात विलायतेहून आली. मोठ्या चॅनेलांनी ती चार दिवस मिरवली आणि अडगळीत टाकली. मग ती गावोगावच्या चॅनेलांवर भटकत राहिली. जाहिराती बसवायला कुणी तिचे तासाचे भाग कापून अर्ध्या तासाचे केले, कुणी शेवट आधी आणि सुरुवात मागून दाखवली. ऐंशीच्या दशकात ती एका किरकोळ चॅनेलच्या पदरात पडली, शाळा सुटल्यानंतरची वेळ भरायला. त्याच चॅनेलच्या टेप-लायब्ररीत वसुधा डब्यांवर लेबलं चिकटवण्याचं काम करायची.

रिळं जुनी, काहींचा आवाज पार गेलेला. पृथ्वीवरच्या बाहुल्यांना चॅनेलच्या निवेदकांनी नवे आवाज दिले. राहिली ट्रिल्ला, परग्रहावरची दुष्ट राणी. तिची भाषा पृथ्वीवर कुणालाच कळत नसे. तिचा एक चाकर ती उलगडून सांगायचा. मॅनेजरने वसुधाला बोलावून घेतलं.

“तुमच्या भाषेत काहीही बोला,” तो म्हणाला. “नाहीतरी कुणाला कळणार आहे?”

त्यातला अपमान वसुधाला लागलाच नाही. तिला एवढंच दिसलं, की आता टीव्हीतून मराठी येणार आणि दीपा ती कान देऊन ऐकणार. तिने घरून गोड गोड वाक्यं ठरवून नेली, काळ्या कावळ्याची, पिवळ्या फुलांची, मुद्दाम ळ असलेली. पण पडद्यावर ट्रिल्ला जबडा आपटत चाकराला झापत होती. मॅनेजर म्हणाला, ही अंगाई वाटते, रागाने बोला, तोडून बोला. वसुधा रागाचं मराठी शोधू लागली. तिचा स्वतःचा राग कधी ओठांबाहेर पडलाच नव्हता, त्याला शब्द कुठून असणार? होते ते नवऱ्याचे. “तुला काय कळतंय? गप्प बस.” जबड्याशी ते असं चपखल बसलं, की मॅनेजरने हेच वाक्य प्रत्येक भागात घालायला सांगितलं.

पहिल्या भागाला चंद्रशेखरने मंडळातली माणसं घरी बोलावली. बायको टीव्हीवर म्हणजे मान शेवटी त्याचाच. चिवड्याच्या बशा फिरल्या आणि ट्रिल्ला बोलली. मग भिंतीपलीकडे राहणाऱ्या सुमित्रामावशी म्हणाल्या, “अगं बाई, हे तर आपले चंद्रशेखर.”

वसुधाने चंद्रशेखरकडे पाहिलं. तिला एक आशा वाटली, की या घरात रोज काय चालतं ते आता तरी कुणाला तरी कळेल. कळलं, सगळ्यांनाच कळलं. म्हणून तर ते पोट धरधरून हसले. त्या खोलीत एकही भला माणूस नव्हता, हे सरळच सांगितलेलं बरं. सगळ्यांत मोठ्याने चंद्रशेखर हसला. इतके दिवस जे तो दाराआड म्हणायचा, ते आता चारचौघांत टाळ्या घेऊन म्हणू लागला. मंडळाच्या गणपतीत बायका वसुधाला बघून ‘गप्प बस’ म्हणायच्या आणि तीही हसायची, नाहीतर चिडकी ठरली असती.

तिने मॅनेजरला विनवलं, वाक्य बदलू या. तो म्हणाला, मुलांना तेच आवडतं. मालिका पुन्हा पुन्हा लागली, दुसऱ्या राज्यांतही विकली गेली. प्लेनोहून मैत्रिणीचा, वीणाचा, फोन आला, “तुझी राणी इकडेही लागते यार, पोरं दिवसभर तेच बोलतात.” पुढे मालिकेला दुपारवरून शनिवारच्या पहाटेला ढकललं, आणि एक दिवस ती बंदच झाली. रिळं खोक्यांत भरताना वसुधाला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

घरी आल्यावर तिने दीपाला मायेने जवळ घेतलं. तुझी मालिका संपली गं, म्हणाली. चल, आता आपणच गोष्टी सांगू या, मराठीत.

दीपाने तिचा हात झटकला. “तुला काय कळतंय?” ती म्हणाली. “गप्प बस.”

ळ अगदी चोख लागला होता.

सोफ्यावरून चंद्रशेखरने पेपर खाली केला. “वा,” तो कौतुकाने म्हणाला, “शिकली की पोरगी मराठी.”